रविवार, उपवासकाळ, नाताळ आणि आपली ड्युटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईच्या आमच्या धर्मग्रामात (एका देवळाशी जोडलेला ख्रिस्ती समाज, म्हणजे पॅरिश) मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते आणि आठवड्याचे बाकीचे दिवस विरार लोकलने अंधेरीला कामाला जाते. वर्ग सुटला की मुलांचे आईवडील गाठतात. कधी गाडीत शेजारी बसलेली ओळखीची बाई बोरिवली गेल्यावर हळूच विचारते, "एक विचारू का गं?" प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी धर्मगुरू नाही. तुमची अडचण खास असेल तर फादरांशीच बोला. बरंचसं कॅथोलिकांना लागू आहे. प्रॉटेस्टंट मंडळींचं खाली वेगळं लिहिलंय.

रविवारी ड्युटी असते. मिस्सा चुकली तर पाप लागतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा नर्स असते. रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेला, जाण्याचं कॅथोलिकांवर बंधन आहे. पण जे खरोखरच शक्य नाही त्याचं बंधन नाही. आयसीयूतला पेशंट सोडून कुणी मिस्सेला यावं अशी ख्रिस्तसभेची (चर्चची) अपेक्षा कधीच नव्हती.

ख्रिस्तसभेचा आजचा कायदा १९८३ चा आहे. त्याच्या १२४८ व्या कलमात दोन गोष्टी आहेत. पहिली, रविवारची मिस्सा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी संध्याकाळी ऐकली तरी बंधन पुरं होतं. म्हणजे शनिवारी संध्याकाळची मिस्सा ही 'अर्धी' किंवा 'ॲडजस्टमेंटची' मिस्सा नाही. दुसरी, गंभीर कारणाने जाताच आलं नाही तर घरी, एकट्याने किंवा कुटुंबासोबत, थोडा वेळ प्रार्थनेला द्यावा. शिवाय १२४५ व्या कलमाने धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना योग्य कारण असेल तर सूट देण्याचा अधिकार दिलाय. तुमचे महिन्यातले चारही रविवार रोस्टरमध्ये अडकत असतील तर मनात कुढत बसू नका, एकदा जाऊन सांगा. त्यांनी हे शंभर वेळा ऐकलेलं असतं.

संध्याकाळची मिस्सा आपल्याला जुनी वाटते, पण ती तशी अलीकडची. १९५३ पर्यंत मिस्सा सकाळीच व्हायची आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. माझी आजी पहाटे उठून, काही न खाता-पिता, वाडीतून चालत देवळात जायची आणि परत येऊन मगच चहा घ्यायची. पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये हा नियम सैल केला आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट मोकळी झाली. १९६४ पासून ख्रिस्तप्रसादाआधीचा उपवास एका तासावर आला. त्यामागे पाळीवर जाणाऱ्या कामगारांचा विचार होता. तुमच्या शिफ्टची सोय सत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे, वापरा.

शनिवारी रात्री दोनपर्यंत सिरीज बघितली म्हणून रविवारी डोळे उघडले नाहीत, याला मात्र ड्युटी म्हणत नाहीत. हेही मला विचारलं गेलंय.

ऑफिसजवळच्या देवळात मराठी मिस्सा नसते. इंग्रजी किंवा मल्याळी चालते का?

चालते. कोणत्याही भाषेतली आणि कोणत्याही कॅथोलिक विधीतली, म्हणजे केरळच्या सिरो-मलबार विधीतलीसुद्धा. एकदा अंधेरीत अशा मिस्सेला उभी राहिले. शब्द एकही कळला नाही, पण 'आमच्या बापा' ही प्रार्थना कुठे आली ते बरोबर कळलं.

मोबाइलवर मिस्सा बघितली तर होते ना?

आजारी, म्हातारं माणूस, बाळंतीण यांच्यासाठी तो मोठा आधार आहे, पण त्यांच्यावर बंधन मुळातच नसतं. धडधाकट माणसाने मोबाइलवर बघितलेली मिस्सा ही प्रार्थना झाली, रविवारच्या मिस्सेची जागा तिने भरत नाही. २०२० मध्ये ईस्टर १२ एप्रिलला होता आणि देवळं बंद होती, तेव्हा सगळ्यांनाच सूट दिलेली होती. ती सवय काही घरांत अजून तशीच राहिलीय, कुकरच्या शिट्ट्यांसकट.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. रजा आधी कशी टाकायची?

तारीख बदलते, पण गुपित नसते. पुढच्या कित्येक वर्षांच्या तारखा आजच ठरलेल्या आहेत. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. पौर्णिमा आकाशातली न धरता ख्रिस्तसभेच्या कोष्टकातली धरतात, त्यामुळे क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

आपल्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघायची सोपी खूण माझ्या वडिलांनी शिकवली होती: होळी नाहीतर हनुमान जयंती, यांपैकी जी पौर्णिमा २१ मार्चनंतर पहिली येते तिच्या पुढचा रविवार. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. पौर्णिमाच रविवारी आली तर ईस्टर आठवडाभर पुढे जातो.

रजेच्या अर्जासाठी तारखा इथेच देते. (राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो.) २०२६: राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, गुड फ्रायडे ३ एप्रिल. २०२७: राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, गुड फ्रायडे २६ मार्च. २०२८: राखेचा बुधवार १ मार्च, गुड फ्रायडे १४ एप्रिल. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी येतात, म्हणजे एक सुट्टी गेली म्हणून ऑफिसात हळहळ ऐकायला तयार राहा. २०१७ लाही असंच झालं होतं.

खासगी कंपनीत गुड फ्रायडेची सुट्टी मागायचा हक्क आहे का?

सरकारी कार्यालयं, बँका आणि शेअर बाजार गुड फ्रायडेला बंद असतात. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत तो दिवस आहे. खासगी आस्थापनांना मात्र ती यादी आपोआप लागू होत नाही, आणि गोंधळ इथेच होतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. यात कामाचा शब्द 'आधी' हा आहे. गुड फ्रायडेची आठवण मार्चमध्ये करून देऊन उपयोग नसतो, यादी डिसेंबरात बनते. त्या वेळी एचआरला दोन ओळींचा मेल टाका. बऱ्याच कंपन्यांत ऐच्छिक सुट्टीचीही सोय असते, तिथे तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवा.

आमच्या ऑफिसचं काम एका अमेरिकन क्लायंटसाठी चालतं. पहिल्या वर्षी मला सांगण्यात आलं, "क्लायंटच ख्रिश्चन आहे आणि तो काम करतोय, तर तुला कशाला सुट्टी?" मी गप्प बसले, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं की अमेरिकेत गुड फ्रायडे ही केंद्र सरकारची सुट्टीच नाही. इंग्लंडमध्ये आहे, पुढच्या सोमवारसकट. तेव्हा 'ख्रिश्चन देशात तर...' अशी सुरुवात असलेला युक्तिवाद दोन्ही बाजूंनी टाळलेला बरा.

शेवटी माझा प्रश्न कायद्याने सुटला नाही, एका कोकणातल्या सहकाऱ्याने सोडवला. त्याला गणपतीला पाच दिवस गावी जायचं असतं. आम्ही एका एक्सेल शीटमध्ये दोन रकाने केले: त्याचे गणपती मी सांभाळायचे, माझे ईस्टरआधीचे गुरुवार-शुक्रवार त्याने. हे दर जानेवारीत ठरतं. त्याला आता राखेचा बुधवार कधी आहे हे माझ्याआधी माहीत असतं.

आणि मोठ्या पदावर गेल्यावर हे प्रश्न संपतात असं समजू नका. २०१५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींची परिषद गुड फ्रायडेपासून, ३ एप्रिलपासून, ठेवली गेली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून नापसंती कळवली होती. परिषद ठरल्याप्रमाणे झाली. २०१९ मध्ये दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीत गुड फ्रायडेची सुट्टी ऐच्छिक करण्यात आली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे मात्र तो निर्णय टिकला नाही.

'हॅपी गुड फ्रायडे' म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

थँक्यू म्हणा. 'गुड' शब्दाने माणूस फसणारच. जवळचं असेल तर चहाच्या वेळी सांगा की हा दुःखाचा दिवस आहे, शुभेच्छा रविवारी द्या. माझ्या टीममधल्या एका मुलीला हे कळल्यावर ती इतकी ओशाळली की ईस्टरला तिने दोन डझन उकडलेली अंडी रंगवून आणली. ती पूर्ण शाकाहारी आहे.

उपवास म्हणजे नेमकं काय खायचं?

कॅथोलिकांसाठी सक्तीचे उपवासाचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. दिवसात एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. मांसवर्ज्य मात्र चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे. उपवासकाळातल्या आणि एरवीच्या शुक्रवारी मांस सोडण्याऐवजी दुसरं काही प्रायश्चित्त चालतं का, हे त्या-त्या देशाचे बिशप ठरवतात, तेव्हा धर्मग्रामाच्या सूचना ऐका. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, गरोदर बायका, अंगमेहनतीची कामं करणारे यांनी उपाशी राहून चक्कर आणून घेऊ नये. गोळी घेऊन खा, आणि दुसरं काहीतरी सोडा.

मासे चालतात. इथे आम्ही वसईकर जरा अडचणीत येतो. शुक्रवारी मटण सोडून ताज्या पापलेटाचं कालवण आणि वर तळलेले बोंबील, ही शिक्षा आहे असं देवालाही वाटणार नाही. आमच्या घरी त्या शुक्रवारी डाळ, भात आणि शेवग्याच्या शेंगा असतात. नियम म्हणून नाही, आईला पटत नाही म्हणून.

टीम लंच नेमकं राखेच्या बुधवारी आलं तर? जा, शाकाहारी थाळी घ्या, अर्धी खा. कुणाच्या लक्षातही येत नाही. २०१८ आणि २०२४ मध्ये राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला होता आणि नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांनी मला बरंच छळलं. जेवायला आदल्या दिवशी जा, एवढंच उत्तर होतं. २०२९ मध्ये पुन्हा तेच आहे, आत्तापासून सांगून ठेवते.

कपाळावरची राख घेऊन ऑफिसला जायचं की पुसायची?

पुसली तरी पाप नाही, ठेवली तरी पुण्य नाही. त्याच दिवशी मिस्सेत बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं: उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. आणि ते ऐकून झाल्यावर लगेच आपण रांगेत उभं राहून कपाळ काळं करून घेतो. ही विसंगती लहानपणापासून मला गमतीची वाटत आलीय.

पहाटेची मिस्सा करून मी एकदा तशीच गाडी पकडली. नायगावला चढलेल्या एका मावशींनी मला नीट निरखलं, पिशवीतून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने टोक भिजवलं आणि "काजळ पसरलंय गं पोरी" म्हणत माझं कपाळ स्वच्छ पुसून दिलं. इतक्या मायेने की मला बोलताच आलं नाही. त्या वर्षी माझी राख भाईंदरच्या खाडीपर्यंतही पोचली नाही.

पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) सगळे विधी जमणार नाहीत. एकच निवडायचा तर कोणता?

आधी एक गोष्ट. पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि शनिवार रात्र या तिन्हींना जाण्याची कायद्याने सक्ती नाही. सक्ती ईस्टरच्या रविवारची आहे, आणि शनिवारी रात्रीच्या पास्काजागरणाने (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेने) ती पुरी होते. हे सांगितलं की लोक चकित होतात, कारण आपल्याकडे गुड फ्रायडेला जेवढी गर्दी असते तेवढी वर्षात कधीच नसते. आणि गुड फ्रायडेला तर मिस्साच नसते! वाचनं, क्रुसाचं वंदन आणि गुरुवारी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद, एवढंच.

वेळांचं म्हणाल तर त्या आपल्या सोयीकडे सरकलेल्या आहेत. १९५५ पर्यंत हे विधी सकाळी उरकले जायचे, पास्काजागरणसुद्धा शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात आणि जवळजवळ रिकाम्या देवळात. त्या वर्षीच्या सुधारणेने गुरुवारची मिस्सा संध्याकाळी, शुक्रवारचा विधी दुपारी तीनच्या सुमाराला आणि जागरण पुन्हा रात्रीला आणलं. नोकरदार माणसाला गुरुवार संध्याकाळ आणि शनिवार रात्र जमण्यासारखी आहे. अडतो तो शुक्रवार, म्हणून रजा त्यासाठी राखा.

एकच जमणार असेल तर माझं मत पास्काजागरणाला. लोक ते लांबलचक म्हणून टाळतात. बायबलच्या जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असतात, धर्मगुरू ती कमी करू शकतात, पण लाल समुद्र ओलांडल्याचं वाचन गाळता येत नाही. मला मात्र वाचनांच्या आधीचा भाग हवा असतो. देवळातले सगळे दिवे बंद. बाहेर आवारात शेकोटी पेटवतात, तिच्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. आपण सगळे अंधारात हातात न पेटलेली मेणबत्ती धरून उभे, बुडाशी कागदाचा कप अडकवलेला. मग पहिल्याची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. दिवसभर फोनवर भांडलेला शेजारी वाकून तुमची वात पेटवतो, मेण त्याच्या बोटावर सांडतं आणि तो "काही नाही, काही नाही" म्हणतो. मुलं झोपली तर झोपू द्या. घंटा वाजल्या की उठतात.

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा रात्री आठला कशी असू शकते?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्या पंधरा दिवसांवर सगळ्याच सणांचा डोळा असतो. नाताळच्या रात्रीची गर्दी देवळात मावत नाही, मंडप आवारातच घालावा लागतो. म्हणून दहाच्या आत संपेल अशी वेळ ठेवतात. मिस्साग्रंथात तिचं नाव 'मध्यरात्रीची' नाहीच, 'रात्रीची मिस्सा' आहे. तेव्हा आठची मिस्सा खोटी नाही. पहाटेची आणि दिवसाची अशा आणखी दोन वेगळ्या मिस्सा नाताळच्या असतात, म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान बाळवाल्यांनी त्यांतली निवडावी.

माझ्या काकांना हे अजून पटलेलं नाही. ते आठची मिस्सा ऐकतात, घरी येऊन जेवत नाहीत, बारापर्यंत ओटीवर बसून राहतात, आणि बारा वाजता गव्हाणीत बाळ येशू स्वतःच्या हाताने ठेवून मगच पानावर बसतात.

२५ डिसेंबरला सगळे जमत नाहीत. नंतर साजरा केला तर तो नाताळ कसला?

तो नाताळच. आपण बाजाराचं वेळापत्रक ख्रिस्तसभेचं समजून बसलोय. मॉलमध्ये नोव्हेंबरात झाड लागतं आणि २६ डिसेंबरला सेलची पाटी. ख्रिस्तसभेत नेमकं उलटं: डिसेंबरचे पहिले आठवडे आगमनकाळ, म्हणजे वाट बघायचे, जांभळ्या रंगाचे. नाताळचा काळ २४ च्या संध्याकाळी सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. भारतात ६ जानेवारीचा तीन राजांचा सण (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्यांचा) जवळच्या रविवारी धरतात. पुण्याची बहीण ३ जानेवारीला आली तर तिचा नाताळ शिळा नाही. ईस्टरचं तर पन्नास दिवस चालतं.

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाचंही असंच. त्या दिवशी दफनभूमीत जाता येत नाही, दिवाळीच्या आसपासची कामं असतात, म्हणून लोक हळहळतात. मृतांसाठी दफनभूमीत जाऊन प्रार्थना करणाऱ्यांना मिळणारी दंडमाफी (मृतांच्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतली सूट) १ ते ८ नोव्हेंबर अशी आठ दिवस असते. मध्ये एक रविवार येतोच. खराटा आणि मेणबत्त्या घेऊन जा, शेजारच्या कबरीवरचं गवतही काढा, तिचे लोक कदाचित मस्कतला असतील.

नाताळचा फराळ विकत आणला तर चालतो का?

कायदा याविषयी काहीच सांगत नाही, सासूबाई सांगतात.

खरं बोलायचं तर सणाचं ओझं घराघरांत कुणाच्या डोक्यावर पडतं हे आपल्याला माहीत आहे. आठ तास ऑफिस, तीन तास प्रवास, मग नेवऱ्या (करंज्या), केक, दूध-नारळाच्या वड्या. २४ ला रात्री ती बाई मिस्सेत उभ्या-उभ्या पेंगते. वसईत घरगुती फराळ करून देणाऱ्या पुष्कळ बायका आहेत, त्यांना ऑर्डर द्या, त्यांचाही नाताळ होतो. पण एक पदार्थ घरी ठेवा आणि तो कलकल असू द्या. त्यात चव फार नसते, पण तो एकट्याने होत नाही. मैदा, अंडं, नारळाचं दूध घालून मळलेला गोळा ताटात मध्ये ठेवायचा, भोवती सगळ्यांनी बसायचं. लिंबोळीएवढी गोळी नव्या, धुतलेल्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत ओढायची की ती रेघांचा शंख होऊन सुटून येते. वडिलांचे नेहमी जाड होतात आणि आतून कच्चे राहतात. मुलगा फोन हातात धरूच शकत नाही, कारण बोटांना पीठ. दीड तास जातो, आणि त्या दीड तासात वर्षभराची भांडणं आणि बातम्या निघतात.

उपवासकाळात नात्यातलं लग्न आलं, किंवा घरात सून हिंदू आहे आणि गुढीपाडवा आला. काय करायचं?

जायचं आणि करायचं. उपवासकाळ म्हणजे सुतक नाही. आपल्याकडे या दिवसांत लग्नं सहसा ठेवत नाहीत, ठेवलीच तर साधी ठेवतात. गुड फ्रायडेला आणि पवित्र शनिवारी लग्न लागत नाही. पण दुसऱ्यांच्या हळदीला जाऊन तोंड पाडून बसण्यात कसलं प्रायश्चित्त? श्रीखंड खा. चहातली साखर दुसऱ्या दिवशी सोडा.

आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. आम्हाला यातलं काय लागू?

बंधन म्हणून फारसं काही नाही. कलमं, वयाची अट, मांसवर्ज्य हे सगळं रोमच्या कायद्यातलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या (ही सभा २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात एकत्र आली) उपवासकाळ पाळतात, पण किती आणि कसा हे ज्याच्या-त्याच्या मनावर. काही स्वतंत्र मंडळ्या तो पाळतच नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या गुड फ्रायडेची खास उपासना म्हणजे दुपारी बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर सात जणांची मनोगतं. अहिल्यानगरची माझी मैत्रीण सांगते की तिच्या मंडळीत वेळेचं बंधन फक्त पाचव्या वचनापर्यंत टिकतं. तीन तास पूर्ण रजेशिवाय जमत नाहीत, तेव्हा वरचा सुट्टीचा भाग तुम्हालाही उपयोगी आहे.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट बांधवांची अडचण वेगळी आणि जास्त कठीण. त्यांचा शब्बाथ (देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. शनिवारी परीक्षा, शनिवारी मुलाखत, शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. अर्ज भरतानाच लेखी विनंती करावी लागते, आणि ती मान्य होईलच असं नाही.

गल्फमध्ये नोकरी लागलीय. तिथे रविवार कामाचा असतो.

वसईच्या आणि गोव्याच्या कितीतरी घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या निभावलंय. जिथे शुक्रवारची सुट्टी असते, जसं कुवेत किंवा कतार, तिथे रविवारची मिस्सा शुक्रवारीही होते, आणि गर्दी शुक्रवारीच. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली. सौदीत देऊळच नाही, तिथे घरातली प्रार्थना. बाकीकडे पहिल्या महिन्यात तिथल्या धर्मग्रामात नाव नोंदवून या, मराठी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) देवळात मिळालेली झावळी फ्लॅटमध्ये कुठे ठेवायची? जुनीचं काय करायचं?

क्रुसाच्या मागे, फोटोच्या फ्रेमला, दाराच्या चौकटीवर, कुठेही. कचऱ्यात टाकू नका, आशीर्वादित आहे. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी देवळात परत द्या, त्याच वाळलेल्या झावळ्या जाळून राख करतात. आमच्याकडे दाराशी एक खोका ठेवलेला असतो. तो अर्धाच भरतो, कारण निम्मे लोक सकाळच्या गडबडीत झावळी घरीच विसरतात. इमारतीत तुम्ही एकटेच वेळेवर निघत असाल तर वरच्या मजल्यावरच्यांचीही घेऊन या.